थर्मोपिलीचे तीन दिवस, चाकणचे चौपन्न

रावेतच्या मुकाई चौकातून किवळ्याकडे निघालं की थोड्याच अंतरावर मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग लागतो. तळेगाव, वडगाव, मळवली, लोणावळा ही त्या वाटेवरची गावं आपल्याला पाठ असतात. १६६१ च्या जानेवारीअखेर मोगलांची एक मोठी फौज ह्याच गावांच्या क्रमाने पुढे सरकली होती. पुण्याहून चिंचवड, मग तळेगाव, वडगाव, मळवली, आणि तिथून लोहगडाच्या बाजूने कोकणात उतरायची वाट. कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारत’ ह्या संस्कृत काव्यात हा मार्ग गावांच्या नावानिशी येतो. चिंचवड सोडून तळेगावकडे निघालेले घोडे, उंट आणि तोफा पवनेकाठच्या आपल्याच माळावरून गेल्या असणार. आज तिथे उंच इमारती आहेत, बास्केट ब्रिज आहे, आणि ज्या रावेत बंधाऱ्यावरून पिंपरी-चिंचवडला पाणी जातं तो बंधारा आहे. ह्या जागेचा त्या युद्धाशी काही संबंध होता हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

ती फौज निघण्याच्या आधी पाच महिने, आपल्यापासून तासाभराच्या वाटेवर असलेल्या चाकणला एक लढाई झाली होती. ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या लढाईशी महाराष्ट्रातल्या कुठल्या लढाईची तुलना करायची, असं विचारलं तर बहुतेक जण पावनखिंडीचं नाव घेतील, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या मते त्या तुलनेत चाकणचा संग्रामदुर्गही तितक्याच हक्काने यायला हवा. किंबहुना थर्मोपिलीकडे कसं पाहावं हे चाकणवरून जास्त नीट कळतं.

आधी थर्मोपिली. इ.स.पू. ४८० चा उन्हाळा. इराणचा सम्राट झर्क्सीस ग्रीसवर चालून आला होता. दहा वर्षांपूर्वी, इ.स.पू. ४९० मध्ये, त्याच्या बापाची म्हणजे दारियसची फौज मॅरेथॉनच्या मैदानावर अथेन्सकडून हरली होती. ते उट्टं काढायचं होतं, आणि ह्या वेळी तयारी अफाट होती. आशिया आणि युरोपच्या मधल्या चिंचोळ्या समुद्रावर नावांना नावा जोडून पूल बांधला गेला होता. वादळात जहाजं फुटू नयेत म्हणून अॅथॉसच्या भूशिराला कालवा खणला गेला होता. हिरोडोटस हा ग्रीक इतिहासकार ह्या फौजेचा आकडा लाखांच्या पटीत फुगवून सांगतो. आजचे अभ्यासक तो एक ते तीन लाखांच्या दरम्यान धरतात. त्या फौजेत कुठकुठचे लोक होते ह्याची लांबलचक यादीच हिरोडोटसने दिली आहे, आणि त्यात भारतीयही आहेत. सुती कपडे घातलेले, वेताची धनुष्यं आणि लोखंडी टोकाचे बाण घेतलेले. सिंधूच्या खोऱ्यातून निघून ग्रीसच्या डोंगरापर्यंत चालत गेलेली ही माणसं पाश्चात्त्य इतिहासाच्या एका पायाभूत ग्रंथात अशी दोन ओळींत दिसतात आणि नाहीशी होतात.

उत्तरेकडून अथेन्सकडे येणारी वाट थर्मोपिलीला एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशी अडकत होती. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. सगळ्यात अरुंद जागी जेमतेम एक गाडी जाईल एवढीच वाट होती, असं हिरोडोटस लिहितो. फोकिसच्या लोकांनी पूर्वी कधीतरी बांधलेली एक भिंत तिथे पडून होती. ग्रीकांनी ती डागडुजी करून उभी केली. अडवायला आलेले सगळे मिळून सहा-सात हजार होते. स्पार्टाचा राजा लिओनिडास त्यांचा सेनापती. स्पार्टात कार्निया नावाचा धार्मिक उत्सव चालू होता, त्या काळात पूर्ण फौज बाहेर काढता येत नव्हती, म्हणून तो तीनशे निवडक माणसं घेऊन पुढे आला होता. बाकीचे इतर गावांचे होते. सिनेमामुळे तीनशेच लक्षात राहिले.

झर्क्सीस चार दिवस थांबला. एवढी फौज पाहून हे लोक पळतील अशी त्याची अटकळ होती. पाचव्या दिवशी त्याने हल्ला केला. ह्या लढाईचं गमक जागेत आणि हत्यारांत होतं. ग्रीक पायदळ ढालीला ढाल भिडवून दाटीने उभं राहायचं. प्रत्येकाच्या डाव्या हातात मोठी गोल ढाल. तिने तो स्वतःइतकाच डावीकडच्या सोबत्यालाही झाकायचा. उजव्या हातात लांब भाला. इराण्यांचे भाले आखूड होते, ढाली वेताच्या. मोकळ्या मैदानात त्यांचे घोडेस्वार आणि तिरंदाज ह्या भिंतीला वळसा घालून मागून आले असते. इथे वळसा घालायला जागाच नव्हती. मागचे रेटत होते आणि पुढचे भाल्यांवर जात होते. दहा हजारांची शाही पलटणही आपटून मागे आली, आणि दोन दिवस असेच गेले. संख्या जास्त असूनही अरुंद जागेत लढायला उभे राहणारे दोन्हीकडे सारखेच, एवढंच त्या खिंडीचं गणित.

ते गणित एका पायवाटेने मोडलं. एफियाल्टीस नावाच्या तिथल्याच एका माणसाने डोंगरामागून जाणारी वाट इराण्यांना दाखवली. तिच्यावर पहाऱ्याला ठेवलेले फोकिसचे हजार लोक पहाटे अवचित शत्रू दिसल्यावर वर टेकडीवर सरकले, आणि इराणी त्यांना बगल देऊन खाली उतरले. तिसऱ्या दिवशी सकाळी वेढले गेल्याचं लिओनिडासला कळलं. बहुतेक फौज मागे निघून गेली. स्पार्टाचे उरलेले, थेस्पिया गावाचे सातशे आणि थीब्जचे चारशे तिथे राहिले. शेवट एका छोट्या उंचवट्यावर झाला, आणि तो समोरासमोर न होता बाणांच्या वर्षावात झाला. १९३९ मध्ये स्पिरिडॉन मारिनाटोस ह्या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने तो उंचवटा खणला तेव्हा मातीतून इराणी घडणीची बाणाग्रं निघाली. हिरोडोटसच्या गोष्टीतली जागा त्यामुळे नकाशावर पक्की झाली.

आज तिथे गेलं तर खिंड दिसतच नाही. स्पेरखिओस नदीने अडीच हजार वर्षं गाळ आणून टाकला आणि समुद्र काही किलोमीटर मागे हटला. जिथे लाटा होत्या तिथे आता सपाट शेतं आहेत, आणि जुन्या किनाऱ्याच्या आसपासनं महामार्ग जातो.

ह्या तीन दिवसांत नेमकं मिळालं काय? खिंड पडली. इराणी पुढे सरकले, अथेन्स जाळलं गेलं. पण त्याच तीन दिवसांत जवळच आर्टेमिसियमला ग्रीक आरमार इराणी आरमाराशी झुंजत होतं. खिंड आणि समुद्र ही एकाच योजनेची दोन टोकं होती. खिंड पडल्याची खबर आली तेव्हा आरमार शाबूत माघारी फिरू शकलं. अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीस ह्याच्या सांगण्यावरून तिथली बायकामुलं जवळच्या बेटांवर आणि शेजारच्या गावांत हलवली गेली, आणि शत्रूच्या हाती मोकळं शहर लागलं. (असं गाव मोकळं करणं आपल्या वाटेवरही झालंय. १७७९ मध्ये मुंबईहून बोरघाट चढून आलेल्या इंग्रजांना मराठ्यांनी तळेगाव जाळून रिकामं करून दिलं, आणि वेळ आलीच तर चिंचवड आणि पुणंही जाळायची तयारी ठेवली. काही दिवसांतच त्याच फौजेला वडगावला शरण यावं लागलं.) काही आठवड्यांतच सलामिसच्या अरुंद सामुद्रधुनीत ग्रीकांनी इराणी आरमार मोडलं, आणि पुढच्या वर्षी प्लाटियाच्या मैदानावर जमिनीवरची फौजही हरवली. युद्ध जिंकलं ते ह्या दोन ठिकाणी. थर्मोपिलीने त्यासाठी वेळ दिला.

आता १६६०. त्या वर्षी स्वराज्यावर दोन बाजूंनी आभाळ फाटलं होतं. दक्षिणेला आदिलशाहीचा सरदार सिद्दी जौहर मार्चपासून पन्हाळ्याला वेढा देऊन बसला होता, आणि शिवाजीमहाराज आत अडकले होते. उत्तरेकडून औरंगजेबाचा मामा शायिस्ताखान उतरला. मे महिन्यात तो पुण्यात शिरला.

पन्हाळ्याकडची गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला माहीत आहे, म्हणून थोडक्यात. १२ जुलैच्या रात्री महाराज पावसात विशाळगडाकडे निसटले. त्यांचा वेश घेतलेल्या शिवा काशीदांनी प्राण दिले. १३ जुलैला घोडखिंडीत, म्हणजे पुढच्या पावनखिंडीत, बाजीप्रभू देशपांडे, त्यांचे भाऊ फुलाजी आणि बांदलांची माणसं पाठलागावर आलेल्या सिद्दी मसूदच्या फौजेसमोर उभी राहिली. परंपरा त्यांची संख्या तीनशे सांगते. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड धरली गेली. थर्मोपिलीशी साम्य इतकं उघड आहे की ते सांगायला इतिहासकार लागत नाही. अरुंद जागा, मोजकी माणसं, मागे सुरक्षित पोहोचायला हवं असलेलं कोणीतरी, आणि त्यासाठी विकत घेतलेले काही तास. श्री अरविंदांनी बाजीप्रभूंवर इंग्रजीत दीर्घ कविता लिहिली, सावरकरांनी पोवाडा लिहिला. त्या स्मृतीला कुणाच्या आधाराची गरज नाही.

पण त्याच दिवशी, १३ जुलै १६६० ला, चाकणला वेढ्याचे बावीस दिवस उलटून गेले होते.

शायिस्ताखानाने संग्रामदुर्गाला २१ जूनला वेढा घातला. चाकणला डोंगर नाही, दरी नाही. हा भुईकोट. सपाटीवरचा, चार भिंती, कोपऱ्यांना बुरूज आणि भोवती खंदक. मात्र जागा मोलाची होती. अहमदनगरकडून पुण्याकडे आणि पुढे कोकणाच्या घाटांकडे जाणाऱ्या वाटा इथून जात. ते मोल बहमनी काळातही ओळखलं गेलं होतं. पंधराव्या शतकाच्या मध्यात मलिक-उत्-तुजार हा बहमनी सरदार चाकणला ठाणं करून कोकणात उतरला होता, आणि शिर्क्यांनी त्याला फसवून खेळण्याजवळच्या दाट रानात नेऊन त्याची फौज कापून काढली होती. ते खेळणं म्हणजेच पुढचा विशाळगड. चाकणहून निघालेली फौज आणि सह्याद्रीने केलेला तिचा घात, ही गोष्ट दोनशे वर्षांनी पुन्हा घडणार होती.

किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. शिबंदी परंपरेनुसार तीनशे-साडेतीनशेची. बाहेर हजारोंची मोगल फौज, मोठ्या तोफा आणि वेढ्याच्या कामात मुरलेली माणसं. मदत येण्याची आशा नव्हती, कारण राजा स्वतः पन्हाळ्यावर अडकलेला. खानाला वाटलं असेल की आठ दिवसांचं काम आहे.

काम चौपन्न दिवस चाललं. त्यातला बराचसा वेळ पाऊस होता, आणि ज्यांनी चाकण-तळेगावचा जुलै पाहिला आहे त्यांना तिथली काळी माती पावसात कशी होते हे सांगायला नको. मोगलांनी चारी बाजूंनी मोर्चे लावले, खंदक खणत पुढे सरकले, तोफांसाठी दमदमे उभारले. तोफांनी तट पडेना, तेव्हा खानाने ईशान्येच्या बुरुजाखाली सुरुंग खणायला सुरुवात केली. आपल्या मोर्चापासून जमिनीखालून बोगदा काढायचा, वर पाऊस, खंदकात पाणी, माती ढासळायची भीती, आतल्यांना खणण्याची चाहूल लागू द्यायची नाही, आणि शेवटी बुरुजाच्या पायात कोरडी दारू भरून बत्ती द्यायची. भर पावसाळ्यात हे काम किती जिकिरीचं, ह्याचा अंदाज कुणाही खाणकामगाराला येईल. दिवस त्यात गेले.

१४ ऑगस्टला दुपारी तीनच्या सुमाराला बत्ती दिली गेली. बुरूज आणि त्याच्यावरची माणसं उडाली. मोगल आत घुसायला धावले आणि थबकले. पडलेल्या बुरुजामागे आतल्यांनी मातीचा उंच बांध घालून ठेवला होता. सुरुंग लागणार हे त्यांनी ओळखलं होतं आणि दुसरी फळी आधीच तयार केली होती. ह्या बांधावरून बंदुका, बाण, दारूचे गोळे आणि दगड असं जे हाताशी होतं ते सुरू झालं. त्या दिवशी मोगल पुढे जाऊ शकले नाहीत. जिथे होते तिथेच त्यांनी रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चढाई झाली, तट चढून किल्ला घेतला गेला, बरेच मराठे पडले. उरलेले आतल्या बालेकिल्ल्यात हटले आणि मग शरण आले. इतिहासकार जदुनाथ सरकारांनी मोगलांचं नुकसान २६८ ठार आणि ६०० जखमी असं दिलं आहे.

फिरंगोजींचा पराक्रम पाहून खानाने त्यांना चाकरी देऊ केली, असं सांगतात. त्यांनी ती नाकारली आणि ते महाराजांकडे परत गेले. मोगलांनी चाकणचं नाव इस्लामाबाद ठेवलं. महाराजांनी हरलेल्या किल्लेदाराला दोष दिला नाही. पुढे फिरंगोजी भूपाळगडाचे किल्लेदार म्हणून इतिहासात पुन्हा भेटतात.

पन्हाळा आणि चाकण ह्या एकाच पावसाळ्यातल्या दोन लढाया आहेत, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या काढून वाचल्या की त्यांचा अर्थ निसटतो. थर्मोपिली आणि आर्टेमिसियमसारख्या त्या एकाच वेळी चालल्या होत्या. चाकण जूनअखेर पडलं असतं, तर भीमा-इंद्रायणीचा सगळा मुलूख हातात घेऊन शायिस्ताखान भर पावसाळ्याआधीच मोकळा झाला असता, आणि पन्हाळ्यात अडकलेल्या राजाच्या पाठीशी दुसरा शत्रू उभा राहिला असता. तसं झालं नाही. एक महत्त्वाचा पावसाळा एका भुईकोटापाशी खर्ची पडला. आणि खानाने त्यातून धडा घेतला. सपाटीवरच्या लहानशा किल्ल्याला इतके दिवस आणि इतकी माणसं लागली, तर सह्याद्रीतल्या गडांना किती लागतील? त्यानंतर तो गडांच्या नादी फारसा लागला नाही. पुण्यात छावणी करून त्याने पावसाळा काढला, आणि हिवाळ्यात कोकण काबीज करण्यासाठी कारतलबखान ह्या उझबेक सरदाराला पाठवलं. आपल्या रावेतवरून गेलेली फौज ती हीच.

कारतलबखानाला कल्याण, भिवंडी, पनवेल हा मुलूख घ्यायचा होता. नेहमीचा बोरघाट सोडून त्याने लोहगडाच्या दक्षिणेची कुरवंड्याची वाट धरली, शत्रूला पत्ता लागू नये म्हणून. आज त्या बाजूला नौदलाचं आयएनएस शिवाजी हे प्रशिक्षण केंद्र आहे. पुढे कुरवंडे गाव आणि नागफणीचा कडा. कड्याखालून जी वाट कोकणात उतरते ती सुरुवातीला रुंद असते, मग झाडीत शिरते, आणि अंबा नदीच्या खोऱ्यात चावणीजवळ दोन डोंगरांच्या मध्ये अडकते. तीच उंबरखिंड. घोडे, उंट, तोफा, बाजारबुणगे, सगळं त्या वाटेवर एकामागे एक ओळीने आलं. २ फेब्रुवारी १६६१ ला ती ओळ खिंडीत पूर्ण शिरली तेव्हा पुढच्या तोंडाशी महाराज होते, मागची वाट नेताजी पालकरांनी बंद केली होती, आणि दोन्ही बाजूंच्या झाडीत मावळे होते. पाण्यावाचून घसे कोरडे पडलेल्या, मागे-पुढे हलता न येणाऱ्या फौजेवर वरून बाण, गोळ्या आणि दरडी येऊ लागल्या. खानासोबत असलेल्या माहूरच्या रायबागन ह्या सरदार स्त्रीने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला. त्याने तो ऐकला. सगळा सरंजाम तिथेच टाकून फौजेला माघारी जाऊ दिलं गेलं.

थर्मोपिलीत अरुंद वाट अडवणाऱ्यांच्या कामी आली, पण डोंगरामागच्या पायवाटेने त्यांचा घात केला. उंबरखिंडीत पायवाटा अडवणाऱ्यांच्याच होत्या. खिंडीची ताकद तिच्या अरुंदपणात जेवढी, तेवढीच भोवतालच्या वाटा कुणाला माहीत आहेत ह्यात असते. थर्मोपिलीची पुढची सगळी कहाणी ह्याचीच साक्ष देते. इ.स.पू. २७९ मध्ये गॉल टोळ्यांनी त्याच डोंगरवाटेने खिंडीला वळसा घातला. इ.स.पू. १९१ मध्ये रोमनांनी सीरियाच्या अँटिओकसला तिथे हरवलं तेही त्यांच्यातल्या केटोने डोंगरातून वाट काढल्यामुळे. एफियाल्टीसला फितूर म्हणून जगाने लक्षात ठेवलं, पण ती वाट पहाऱ्यात नीट धरली गेली नाही ही लढवय्यांची चूकही तितकीच मोठी होती.

फितुरी हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. परकं आक्रमण आणि आपली माणसं अशी सरळ रेघ ना ग्रीसमध्ये ओढता येते ना महाराष्ट्रात. थेसलीसारखी, आणि खिंड पडल्यावर थीब्जसारखी, कित्येक ग्रीक राज्यं इराणच्या बाजूने लढली. विशाळगडाच्या वाटेवर महाराजांना अडवून बसलेले सुर्वे आणि दळवी इथलेच होते. कारतलबखानाच्या फौजेत रायबागन होत्या, मराठा सरदार होते, आणि खिंडीच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे मराठीच बोललं जात होतं. आणि स्पार्टाने जे स्वातंत्र्य वाचवलं ते स्पार्टातल्या सगळ्यांचं नव्हतं. त्यांच्या शेतांवर राबणारे हेलॉट नावाचे गुलाम त्या उंचवट्यावर त्यांच्यासोबत मेले. त्यांना कुणी मोजलं नाही.

थर्मोपिलीचा वारसा इथेच अवघड होतो. ग्रीकांनी तिथे स्मृतिशिला उभारल्या, त्यांवर ओळी कोरल्या, आणि अडीच हजार वर्षं कवी त्या जागेकडे परत परत येत राहिले. एकोणिसाव्या शतकात ग्रीस तुर्कांविरुद्ध उठला तेव्हा ती आठवण त्यांच्या कामी आली. पण ३० जानेवारी १९४३ ला नाझी जर्मनीचा मंत्री गोअरिंग ह्याने स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या आपल्याच सैन्याची तुलना रेडिओवरून थर्मोपिलीशी केली. ते सैनिक अजून जिवंत होते. त्यांनी मरावं एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा उरली होती, आणि लिओनिडासच्या नावाने ती मागितली गेली. शेवटच्या माणसापर्यंत मरणं हाच मोठेपणा मानला, की त्या मरणाने कुणाला काय दिलं हा प्रश्न विचारायचाच राहून जातो. स्टालिनग्राडच्या मरणाने कुणालाही काही दिलं नाही.

म्हणून मला चाकण महत्त्वाचं वाटतं. फिरंगोजींनी शेवटचा माणूस पडेपर्यंत लढाई नेली नाही. नेता येण्याजोगी होती तोपर्यंत नेली, बुरूज उडाल्यावरही एक दिवस नेली, आणि जेव्हा पुढच्या दिवसाने काही मिळणार नव्हतं तेव्हा माणसं वाचवली. ज्या राज्याकडे माणसं मोजकीच आहेत त्याला हेच शहाणपण परवडतं, आणि महाराजांनी त्या किल्लेदाराचा मान ठेवला ह्यात त्या राज्याची रीत दिसते. पावनखिंडीत मरणाशिवाय वाट नव्हती, तिथे बाजीप्रभूंनी ती वाट धरली. चाकणला दुसरी वाट होती, तिथे ती घेतली गेली. दोन्ही ठिकाणी मोजायचं असेल तर दिवस मोजावेत, तास मोजावेत, आणि त्या वेळात पुढे काय साधलं गेलं ते मोजावं.

संग्रामदुर्ग आज चाकण गावात आहे. तटाचा काही भाग, बुरूज, दरवाजाची जागा आणि खंदकाच्या खुणा शिल्लक आहेत. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौकातल्या गर्दीत अडकलेले हजारो कामगार रोज त्याच्या जवळून जातात. मोटारींचे कारखाने, सुटे भाग बनवणारी शेडं, कांद्याचे ट्रक. रावेतहून कामासाठी चाकणला जाणाऱ्यांतले कितीतरी जण तिथे कधी गेलेले नसतात, आणि दोष त्यांचा नाही. तिथे जाण्याचं कारण कुणी त्यांना सांगितलेलं नसतं. सुटीच्या दिवशी मुलांना घेऊन जावं, ईशान्येचा कोपरा कुठला ते शोधावं, आणि सुरुंग कुठून आला असेल ते जमिनीकडे पाहून ठरवावं. पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपेक्षा ते जास्त टिकतं.

एक काम मात्र अभ्यासकांचं आहे. हिरोडोटस लिहितो की थर्मोपिलीतल्या तीनशेही जणांची नावं त्याने शोधून काढली होती. लढाईनंतर सहाशे वर्षांनी पॉसॅनियस हा प्रवासी स्पार्टाला गेला तेव्हाही ती नावं कोरलेली शिळा तिथे उभी होती. थेस्पियाच्या सातशेंना मात्र स्वतःचं वेगळं स्मारक मिळायला १९९७ साल उजाडावं लागलं. चाकणच्या तीनशे-साडेतीनशेंपैकी लोकांना एकच नाव माहीत आहे. बाकीचे मावळातले, खेडमधले, भीमा-भामेच्या काठच्या गावांतले असणार, आणि त्यांच्या घरांना पुढे काही जमीन, काही मान मिळाला असेल तर त्याचे कागद कुठेतरी असतील. १६६० च्या तारखा आपल्याला ज्या जेधे शकावलीतून कळतात, ती कारीच्या जेधे घराण्याच्या घरात होती. लोकमान्य टिळकांकडे ती आली आणि १९१६ मध्ये छापली गेली, म्हणून आज वाचायला मिळते. इतिहाससंशोधक राजवाडे गावोगाव फिरून दप्तरं मिळवत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून ते काम करत आलं आहे. ह्या पट्ट्यातली जुनी घरं आता इमारतींसाठी पाडली जात आहेत, आणि माळ्यावरच्या पेट्या भंगारात जाताहेत. ज्यांच्याकडे मोडीतले कागद असतील त्यांनी ते टाकण्याआधी वाचणाऱ्याला दाखवावेत. संग्रामदुर्गाच्या बांधावर पावसात उभ्या असलेल्या एखाद्या माणसाचं नाव त्यात असण्याची शक्यता खरी आहे.